चौदा मिलिमीटरवरून दिसलेलं स्टेशन

माझं स्टेशन २४० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे. मागच्या खोलीत भिंतीला ब्रॅकेट ठोकून प्लायवूडची फळी बसवली आहे आणि त्या फळीवर निंबवाडी वसली आहे, माझ्या मॉडेल रेल्वेचं स्टेशन. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाताना मोडनिंब मागं पडलं की थोड्या वेळानं हे गाव येतं, असं मी धरून चाललोय. नकाशावर ते सापडणार नाही. साल १९५३, महिना आषाढ.

सालाचं कारण घरातलंच आहे. त्या वर्षी माझी आई अकरा वर्षांची होती आणि तिचे वडील, आमचे आबा, बार्शी लाइट या छोट्या रेल्वेवर सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा फिरवायचं काम. स्टेशनालगतच्या दोन खोल्यांत आईचं लहानपण गेलं. १९५४ साली सरकारनं ही लाइन कंपनीकडून विकत घेतली, म्हणजे १९५३ हे कंपनीच्या बार्शी लाइटचं शेवटचं वर्ष. आता कुर्डुवाडी–पंढरपूर ब्रॉडगेज झालंय. त्या छोट्या गाडीतून प्रवास केलेली माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत. आई आहे तोवर तिच्या डोळ्यांसमोर हे उभं करायचं, एवढं मनात धरून मी फळी बसवली.

लाइन मुळातच वेगळी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती उभी केली आणि १८९७ साली तिचा पहिला टप्पा, बार्शी ते कुर्डुवाडी, सुरू झाला. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एक यार्ड लांबीला फक्त ३० पौंड वजनाचा हलका रूळ, आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हा हिशेब. म्हणून इंजिनांना चाकं भरपूर. भार वाटला गेला की हलक्या रुळावरूनही जड गाडी ओढता येते. पुढं ही लाइन लातूरला गेली, पंढरपूरला गेली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीनं अडीच फुटी गेज म्हणजे भाग्यच. आपलं ब्रॉडगेज एचओ मापात, म्हणजे ८७ पट लहान करून, करायला घेतलं तर दोन रुळांत १९ मिलिमीटरच्या वर अंतर हवं. बाजारात मिळतो साडेसोळा मिलिमीटरचा ट्रॅक. त्यावर भारतीय डबे ठेवले की ते अरुंद पायांवर उभ्या राहिलेल्या जाड माणसासारखे दिसतात. ७६२ ला ८७ नं भागलं की येतात पावणेनऊ मिलिमीटर, आणि एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेल मापाचा, तयार ट्रॅक असतो नऊ मिलिमीटरचा. फरक डोळ्याला कळत नाही. इंजिनाचंही तसंच जमलं. बार्शी लाइटवर पुढच्या काळात २-८-२ जातीची इंजिनं आली, पुढे दोन लहान चाकं, मधे आठ मोठी, मागे दोन. जपानी काटो कंपनीचं एन गेजमधलं डी-५१ इंजिन याच रचनेचं आहे. त्याची चेसिस घेतली आणि वरचं अंग प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापून केलं. बॉयलरसाठी पेनाची नळी वापरली. तीन महिने गेले.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथं एका फेरीत कितीतरी गाड्या एका वेळी धावताना बघून मी पहिल्यांदा भारावलो होतो. घरी करताना मात्र ठरवलं की गाड्या कमी असतील, पण त्या खऱ्या गाड्यांसारख्या वागतील. उगाच गोल गोल फिरणार नाहीत.

म्हणून निंबवाडीत गोल ट्रॅक नाही. डाव्या टोकाला कपाटाच्या आडोशानं एक सरकती फळी आहे, तिच्यावर पाच रूळ शेजारी शेजारी, ती कुर्डुवाडी. उजव्या टोकाला तशीच दुसरी, ते पंढरपूर. मधे स्टेशन, त्यात एक मेन लाइन, गाडी बाजूला घ्यायला एक लूप आणि गुळाच्या वाघिणी लावायला एक सायडिंग. लूपच्या दोन्ही टोकांना रुळात बारीक खाचा मारून विजेचे तुकडे वेगळे केले आहेत, त्यामुळे एक इंजिन उभं ठेवून दुसरं चालवता येतं.

गाडी चालवायला दोघं लागतात. कुर्डुवाडी सांभाळते माझी भाची, निंबवाडी आणि पंढरपूर माझ्याकडे. तेव्हा एकेरी लाइनवर ड्रायव्हरच्या हातात परवानगीची खूण पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. पुष्कळ लाइनींवर ही खूण म्हणजे नीलच्या यंत्रातून सुटणारा धातूचा गोळा असायचा. आम्ही काचेची गोटी वापरतो. कुर्डुवाडी ते निंबवाडी निळी गोटी, निंबवाडी ते पंढरपूर पिवळी. निळी गोटी माझ्या वाटीत असेल तर भाची गाडी सोडू शकत नाही. मी विचारतो, "लाइन क्लिअर?" ती म्हणते, "क्लिअर." मगच गोटी हातात जाते. पहिल्या आठवड्यात हे तिला फार लांबण वाटायचं. पुढं एकदा गोटी न घेता मी मिक्स गाडी, म्हणजे डबे आणि वाघिणी एकत्र असलेली गाडी, हलवली, तर तीच ओरडली, "मामा, गोटी कुठंय तुझ्याकडे?"

वेगाचं गणित तर पहिल्या दिवसापासून पाळलं. ताशी २५ किलोमीटर धरले आणि ८७ नं भागलं की सेकंदाला आठ सेंटिमीटर होतात. म्हणजे स्टेशनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीला पूर्ण अर्धा मिनिट लागला पाहिजे. रेग्युलेटर थोडा जास्त फिरवला की गाडी पळते आणि सगळं खेळणं होऊन जातं. पण इतक्या हळू चालवायचं तर रूळ स्वच्छ हवेत. पावसाळ्यात दमट हवेनं रुळावर काळपट थर बसतो, इंजिन सांध्याच्या क्रॉसिंगवर येऊन गप्प उभं राहतं. दर वेळी खेळ सुरू करण्याआधी सुती फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसायचे, चाकं पुसायची. बोटानं इंजिन ढकलायचं नाही हा आमच्या घरचा नियम. अडलं तर का अडलं ते शोधायचं.

जमीन मी खरी मातीच वापरून केली. पंढरपूरच्या रस्त्यावर एका शेताच्या कडेची काळी माती पिशवीभर आणली, उन्हात वाळवली, कुटून वस्त्रगाळ केली. मग तिच्यातून चुंबक फिरवलं. हे केल्याशिवाय खरी माती कधीच वापरू नये. आपल्याकडच्या काळ्या मातीत लोहाचे बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जाऊन बसतात. माझ्या चुंबकाला चिकटलेली मिशी पाहून मी थक्क झालो होतो. पाणी घातलेलं फेविकॉल, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं मातीवर सोडायचं. साबणामुळे ते वर गोळी होऊन न राहता आत मुरतं.

इथवर सगळं हातानं आणि वरून बघून केलेलं. फोटो काढायला लागलो आणि कामाची तऱ्हाच बदलली.

पहिले फोटो मी उभा राहून काढले. ते सगळे विमानातून काढल्यासारखे आले. मग कॅमेरा फळीवर टेकवला, तरी लेन्स चार-पाच सेंटिमीटर वर राहत होती, म्हणजे निंबवाडीच्या हिशेबानं माडीवरून बघितल्यासारखं. स्टेशनवर उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील, तर मॉडेलमध्ये ते १७ मिलिमीटरवर येतात. यावर उपाय भाचीनं काढला. मोबाइलची लेन्स वरच्या कडेला असते, म्हणून तिनं मोबाइल उलटा केला आणि ती कड फलाटावर टेकवली. लेन्सचा मध्य जमिनीपासून बरोबर १४ मिलिमीटरवर आला. मी पट्टीनं मोजलं आणि कागदावर ८७ नं गुणलं. एकशे बावीस सेंटिमीटर. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांची उंची.

त्यानंतर मी दुसऱ्या उंचीवरून एकही फोटो काढलेला नाही.

त्या उंचीवरून रूळ जाडजूड दिसले. बार्शी लाइटचा ३० पौंडी रूळ उंचीला साधारण ८० मिलिमीटर. माझा रूळ ८७ पट मोठा केला तर १२० होतो. बदलणं शक्य नव्हतं, चाकांच्या कडा त्याहून बारीक रुळात स्लीपरला घासतात. मग रुळांच्या बाजूंना मातकट रंग दिला आणि स्लीपर अर्धे मातीत पुरले. वरचा माथा तेवढा चकाकता ठेवला. आता रूळ बारीक वाटतो. फलाटावर एक केस पडलेला सापडला, तो फोटोत दोरखंडासारखा दिसत होता. डब्यांच्या छपरांवरची धूळ तर प्रत्येक फोटोच्या आधी मऊ ब्रशनं काढावी लागते.

आणि ज्वारी. स्टेशनच्या मागं मी ज्वारीचं शेत केलं होतं. काथ्याचे तंतू सुटे करून, रंगवून, एकेक ताट चिमट्यानं लावलेलं. कणसांना रव्याचे दाणे. सव्वा महिना मी त्या शेतात होतो म्हटलं तरी चालेल. त्याच्यापुढून वारीची गाडी जातेय असा फोटो काढला, मोठा छापून आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आषाढात कुठली रे ज्वारी?"

सोलापूरकडची ज्वारी रब्बीची. पाऊस सरता सरता पेरायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. आषाढात ती काळी रानं उघडी असतात, कुळवून ठेवलेली, पहिल्या पावसानं चकाकणारी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फळीवरून बघताना ते एक सुंदर शेत होतं, एवढंच. फोटोत ते आषाढातलं शेत होतं आणि खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं उपटलं. त्या जागी काळी माती पसरून जुन्या कंगव्यानं कुळवाच्या रेघा ओढल्या आणि सखल भागात वार्निशचे दोन थेंब सोडले, साचलेल्या पाण्यासाठी. ताटं एका डब्यात ठेवली आहेत. कधीतरी निंबवाडीत माघ महिना करीन तेव्हा लागतील.

वारकरी करणं हे वेगळंच काम. एचओ मापाची तयार माणसं मिळतात ती युरोपातली, कोट-टोपी घातलेली. कोट तासून काढायचा, टिश्यू पेपरची पट्टी पातळ फेविकॉलमध्ये भिजवून धोतर नेसवायचं, डोक्यावर पांढरा ठिपका देऊन टोपी. एक माणूस १९ मिलिमीटरचा. बायकांच्या डोक्यावरची तुळशीवृंदावनं मी लाल पेन्सिलीच्या लाकडातून कोरली. आईच्या सांगण्यावरून एका म्हातारीला गाडीच्या पायरीवर बसवलं, पाय खाली सोडून. "अशीच बसायची ती," एवढंच म्हणाली. कोण ती, ते सांगितलं नाही.

या आषाढातल्या एका रविवारी आम्ही तो फोटो काढायला बसलो ज्यासाठी हे सगळं केलं होतं. संध्याकाळची साडेसहाची क्रॉसिंग. कुर्डुवाडीहून वारी स्पेशल येते आणि पंढरपूरहून येणारी मिक्स गाडी तिला वाट देते. स्पेशलला सात डबे आहेत आणि माझ्या लूपमध्ये इंजिन धरून पाचच मावतात. म्हणून लहान गाडीनं आधी येऊन लूपमध्ये शिरायचं, मेन लाइन मोकळी करायची, सांधा फिरवायचा, आणि मगच स्पेशलला लाइन क्लिअर द्यायचा. हा क्रम चुकला तर दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात. मला फोटोसाठी दोन गाड्या हातानं शेजारी शेजारी ठेवायच्या नव्हत्या. त्या तिथं येऊन पोचल्या पाहिजेत असं माझं म्हणणं होतं, आणि भाचीला ते पटलं.

आषाढातल्या ढगाळ संध्याकाळचा उजेड सगळीकडून येतो, सावल्या जवळजवळ पडत नाहीत. खिडकीवर चादर लावली. खोलीतली ट्यूब बंद केली, कारण दोन जातींचे उजेड मिसळले की माती हिरवट येते. फळीच्या वर दोन खुर्च्यांच्या आधारानं वडिलांचं धुतलेलं पांढरं धोतर ताणून बांधलं आणि त्याच्या वर एकच मोठा एलईडी दिवा ठेवला. धोतरातून गाळून आलेला उजेड खाली पडला तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. पाऊस येऊन गेल्यासारखी निंबवाडी दिसत होती. मागचा आकाशाचा कागद आधी निळा होता, तो करडा रंगवून घेतला होता आणि फळीपासून वीतभर मागं सरकवला होता, डब्यांची सावली आकाशावर पडू नये म्हणून.

मिक्स गाडी आली. सहा वीसला लूपमध्ये उभी राहिली. मी वरून बघितलं, शेवटचा गार्डाचा डबा आत होता. सांधा फिरवला, निळी गोटी भाचीकडे दिली. तिनं गाडी सोडण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर नजर टाकली आणि हात वर केला. "मामा, थांब. गार्डाचा डबा बाहेर आहे."

वाकून बघितलं. १४ मिलिमीटरवरून स्पष्ट दिसत होतं. डब्याचं मागचं टोक फाउलिंग मार्कच्या बारा मिलिमीटर बाहेर होतं, खऱ्या मापात मीटरभर. दोन लाइनी जिथं एकमेकींच्या जवळ येतात तिथं गाडीला गाडी घासू नये म्हणून तो दगड असतो, आणि आबांच्या नोकरीचा निम्मा अर्थ त्या दगडापाशी उभं राहून बघण्यात होता. गाडी पुढं घेतली. पुन्हा सांधा, पुन्हा गोटी. मग स्पेशल सुटली, अर्धा मिनिट घेऊन आत आली आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबली.

इतक्या जवळून मोबाइलसुद्धा सगळं एकदम स्पष्ट टिपत नाही. इंजिनावर फोकस धरला तर मागचे डबे धुरकट, डब्यांवर धरला तर इंजिन. म्हणून मोबाइल न हलवता, फोकस थोडा थोडा मागं सरकवत अठरा फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक करायचा. या अठरांत काहीही हललं तर सगळं वाया. पहिल्या खेपेला बाराव्या फोटोच्या वेळी शेजारच्या खोलीतला पंखा कुणीतरी लावला. दाराच्या फटीतून वारा आला, पताका फिरल्या. एकेका वारकऱ्याच्या हातात दोन-दोन पताका आल्या. दुसऱ्या खेपेला श्वास धरून बसलो.

धुराचं मी खूप दिवस डोक्यात घोळवत होतो. कॉम्प्युटरवर धूर रंगवता येतो, छानही दिसतो. पण जो धूर खोलीत कधी नव्हता तो फोटोत का असावा? कापूस लावून बघितला होता, तो कापूसच दिसतो. शेवटी अठरा फोटो झाल्यावर, काहीही न हलवता, इंजिनाच्या चिमणीमागं उदबत्तीचा पेटता तुकडा तारेला बांधून धरला आणि दहा सेकंदांचा एकच फोटो घेतला. उदबत्तीच्या धुराच्या वेलांट्या मॉडेलला फार मोठ्या पडतात. दहा सेकंदांत त्या एकमेकींत मिसळतात आणि चिमणीवर फक्त एक करडा पुसट झोत उरतो, उभ्या इंजिनाचा असतो तसा. त्या फोटोतला तेवढा धूर मी घेतला. तो त्या संध्याकाळी त्या जागी होता.

रात्री साडेअकराला फोटो जुळला. पुढं ओला फलाट, डावीकडं इंजिनाची चाकं, त्यामागं सात डबे, पायरीवरची म्हातारी, पताका, लूपमध्ये थांबलेली मिक्स गाडी आणि अगदी टोकाला, सांध्याच्या लिव्हरपाशी उभा असलेला माणूस. तो नखाएवढाही नाही.

सकाळी आईला दाखवला. या वेळी तिनं चष्मा लावून, फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला. शेताबद्दल काही बोलली नाही. बोट त्या टोकाच्या माणसावर ठेवलं.

"हे आबा?"

"हो."

"मग बत्ती कुठंय त्यांच्या हातात? दिवेलागणीच्या गाडीला ते बत्तीशिवाय जायचे नाहीत. मीच काच पुसून द्यायची."

हातबत्ती साधारण पंचवीस सेंटिमीटरची असायची, आई हातानं उंची दाखवते त्यावरून. मॉडेलमध्ये ती तीन मिलिमीटरपेक्षा थोडी कमी होते. पितळेच्या नळीचा तुकडा कापून घासला आहे, वरची कडी तांब्याच्या एका केसाएवढ्या तारेची. काचेसाठी पारदर्शक डिंकाचा थेंब सुकायला ठेवलाय. रविवारी साडेसहाची क्रॉसिंग पुन्हा लावणार आहोत. आई म्हणाली, तिची खुर्ची कुर्डुवाडीच्या बाजूला ठेव, गोटी ती देणार आहे.